नात्याला पुरावा न मागणारी मालिका

चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर शेजारी शेजारी उभे राहिले, की कुणी तोंड उघडायच्या आधीच हसू फुटायचं. एक किडकिडीत, अंग चोरून उभा. दुसरा आडदांड, ऐसपैस, आपण कुणाच्या वाटेत आहोत याची फिकीर नसलेला. नात्याने भाऊ, पण शरीराने आणि स्वभावाने एकमेकांशी काडीचा मेळ नाही. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी हे दोघे असे उभे केले, की चिं. वि. जोशींची पुस्तकं आता वाचायला घेतली तरी डोळ्यांपुढे हेच चेहरे येतात.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं आणि त्या दशकाच्या अखेरीला चिमणराव-गुंड्याभाऊंची ही मालिका आली. याकूब सईद आणि विजया जोगळेकर यांनी ती केली. पडदा कृष्णधवल, साधनं तुटपुंजी. ‘हम लोग’ यायला अजून काही वर्षं होती, ती 1984 मध्ये आली. म्हणजे एकच कुटुंब, तीच माणसं, दर खेपेला नवा घोटाळा, असा विनोदी मालिकेचा घाट मराठीत घडत होता तेव्हा समोर ठेवायला आपल्याकडे नमुनाच नव्हता. आजच्या मालिकांच्या मानाने तिचं आयुष्य अगदीच थोडं. तिचे मोजकेच भाग आता पाहायला मिळतात, याची मला मनापासून हळहळ वाटते.

चिं. वि. (1892–1963) हे पाली भाषेचे पंडित, बडोद्याला प्राध्यापक. त्यांच्या कथांमध्ये चिमणराव स्वतःच आपली हकिगत सांगतात, आणि खरी गंमत त्या सांगण्यात आहे. स्वतःची फजिती ते इतक्या गंभीरपणे, इतक्या सरळ मनाने मांडतात की वाचक त्यांच्या पुढे जाऊन हसतो. पडद्यावर हा निवेदक नाहीसा होतो, आणि रूपांतराची कसोटी इथेच लागते. पुस्तकात वाक्यावाक्यातून कळणारा भिडस्तपणा आता दिसायला हवा. प्रभावळकरांनी तो आवाजात आणला. बारीक, किंचित नाकातून येणारा, ठाम विधान करतानाही शेवटाला माघार घेणारा आवाज. चिमणराव मोठी गोष्ट बोलायला तोंड उघडतात आणि त्यांचाच आवाज त्यांना दगा देतो. पानभर निवेदनाचं काम त्या एका आवाजाने केलं.

कर्व्यांची वाट याच्या अगदी उलटी. गुंड्याभाऊला मनातलं काही लपवायचं नाहीच. विचार आणि कृती यांत त्याला अंतर ठाऊक नाही. चिमणराव बेत करतात, गुंड्याभाऊ तो अमलात आणतो आणि त्याच्या धडाडीनेच बेताचा बोऱ्या वाजतो. हे काम कर्व्यांनी आरडाओरड्यावर नेलं असतं तर गुंड्याभाऊ नुसता दांडगट झाला असता. त्यांनी त्याला निर्मळ ठेवला. भावावर त्याची माया आहे, आणि सगळे घोळ त्या मायेपोटीच होतात.

या घरातली नावंही पाहावीत. चिमणराव, काऊ, मोरू, मैना, राघू, सगळी पाखरं. त्यांत गुंड्याभाऊ एकटाच पाखराच्या नावाचा नाही. तरीही घरट्यात त्याची जागा पक्की. तो इथे का आहे, कुणाच्या परवानगीने आहे, हे कुणी विचारत नाही. मालिकेचा सगळा गोडवा मला या न विचारण्यात सापडतो.

तुलनेला अमेरिकेतली ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ घ्यावी, 1986 ते 1993 या काळातली. शिकागोतल्या लॅरीच्या दारात मायपोस नावाच्या काल्पनिक बेटावरून बाल्की नावाचा दूरचा भाऊ येऊन उभा राहतो. आधी दोघांची ओळख पटायला हवी, मग एकत्र राहण्याचं कारण हवं, आणि विनोद त्यानंतर. तिथे नातं ही कथेतली घटना आहे. चिमणरावांच्या घरात ते आधीपासून आहेच, भिंतीइतकं गृहीत.

नाशिकला आमच्या पंचवटीत नात्याच्या या दोन्ही तऱ्हा पाहायला मिळतात. रामकुंडावर क्रियाकर्माला आलेल्या माणसाला तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात, आणि कापडात बांधलेली वही सोडतात. जुनी पानं मोडीत, पुढची बाळबोध. आजोबा कधी येऊन गेले, सोबत कोण होतं, भाऊ किती, मुलं किती, कधी खाली त्यांचीच सही. वाचता वाचता एखादं नाव असं निघतं, की घरात ते कुणी कधी उच्चारलेलंच नसतं. चुलत आजोबांची एक आख्खी शाखा वऱ्हाडात नांदते आहे, हे माणसाला इथे घाटावर कळतं. हे पुराव्याने सापडलेले नातेवाईक. आणि 2003, 2015 च्या सिंहस्थात गोदाकाठच्या घरांत वळकटी घेऊन उतरलेले पाहुणे ते दुसरे. त्यांना वही कुणी दाखवायला सांगत नाही. ‘मी अमक्याच्या मावशीचा पुतण्या’ एवढ्यावर पिठलं-भाकरी वाढली जाते. गुंड्याभाऊ या दुसऱ्या वर्गातला, त्यामुळे पंचवटीतल्या माणसाला तो लगेच ओळखू येतो.

अशा माणसाला सांभाळण्याचा भार घरातल्या बाईवर पडतो, आणि चिमणरावांच्या बायकोने, स्मिता पावसकरांच्या काऊने, मालिकेचा तोल राखला तो तिथे. दोन पुरुष हवेत तरंगत असताना जमिनीवर पाय असलेली तीच. तिचा त्रागा खरा वाटतो, म्हणून बाकीचा गोंधळही खरा वाटतो. तिच्या वाट्याला आणखी प्रसंग यायला हवे होते असं मला राहून राहून वाटतं. चिं. विं.च्या कथांचा डोळा चिमणरावांचा आहे, त्याची ही मर्यादा पडद्यावरही उतरली.

1979 मध्ये याच जोडीला घेऊन ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपटही निघाला. पण मी सुचवेन ते मालिकेचे उरलेले भागच. ते पाहताना चिमणरावांचं लांबलचक बोलणं सुरू झालं की नजर मुद्दाम गुंड्याभाऊवर ठेवावी. बोलणं संपायची वाट पाहणारा तो देह, आणि भावाचा शब्दन् शब्द खरा मानणारे ते डोळे.