तांबड्या ताऱ्याला कड नसते

ताऱ्यांच्या जीवनक्रमाचा तक्ता ठाकूरद्वारच्या शालेय साहित्याच्या दुकानांत मिळतो, तसाच तो गावोगावच्या शाळांतही टांगलेला असतो. त्याचा गुण आधी सांगू. तेजोमेघ, सूर्यासारखा तारा, तांबडा राक्षसी तारा आणि शेवटी श्वेत बटू हा क्रम बरोबर असतो व मुलांच्या लक्षातही राहतो. आमचा आक्षेप आहे तो तिसऱ्या चित्राला. तिथे कंपासने काढल्यासारखा तांबडा गोळा असतो आणि खाली तापमानाचा एकच आकडा.

यात काय चुकते ते वर्गातल्या गणितानेच दाखवता येते. वस्तुमान तेच ठेवून ताऱ्याची त्रिज्या १०० पट झाली, तर पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण १०,००० पटींनी घटते. इतक्या सैल पकडीतला वायू एका रेषेवर कसा थांबेल? तो दूरवर पसरतो, थंड होतो आणि त्यात रेणू व धूलिकण तयार होतात.

हे रेणू अवरक्त वर्णपटात ओळखता येतात. अडचण अशी, की आपल्या हवेतली वाफही त्याच तरंगलांबीचे किरण शोषते. मुंबईच्या दमट हवेत तर विचारायलाच नको. म्हणूनच कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेला 'टिरस्पेक' हा अवरक्त वर्णपटमापक २०१३ साली लडाखमध्ये, हानले येथील सुमारे ४,५०० मीटर उंचीवरच्या दुर्बिणीला जोडण्यात आला.

त्याच्या पन्नास वर्षे आधी, १९६३ साली, अमेरिकेत 'स्ट्रॅटोस्कोप-२' ही दुर्बीण बलूनने वर नेऊन काक्षी या महाराक्षसी ताऱ्याचा वर्णपट घेतला गेला. त्यात पाण्याच्या वाफेच्या खुणा दिसल्या. पण काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,६०० केल्विन. एवढ्या उष्णतेत पाण्याचे रेणू टिकणे कठीण! त्या खुणा कार्बन-नायट्रोजनच्या रेणूच्या असाव्यात, असे स्पष्टीकरण पुढे आले आणि पाणी मागे पडले. २००० साली जपानच्या ताकाशी त्सुजी यांनी तेच जुने वर्णपट पुन्हा तपासले. पाणी होतेच, पण ते पृष्ठभागाबाहेरच्या, सुमारे १,५०० केल्विनच्या थरात होते. 'आयसो' या युरोपीय उपग्रहाने १९९५ ते १९९८ या काळात घेतलेल्या वर्णपटांत तर काक्षीहून उष्ण अशा रोहिणीतही पाण्याच्या रेषा सापडल्या.

एका कडेच्या, एका तापमानाच्या चित्राने तज्ज्ञांनाही अडवले. मग ते मुलांच्या मनात का कोरायचे? शिवाय तक्त्यातला पुढचा बाण श्वेत बटूकडे जातो. सूर्याचे जवळजवळ निम्मे वस्तुमान त्या वाटेवर अवकाशात जाणार आहे. ते गेले कुठून, या प्रश्नाला कड असलेल्या गोळ्यात उत्तर नाही.

तक्ता सुधारेपर्यंत शिक्षकांनी फळ्यावर गोळा काढून त्याची कड बोटाने पुसावी, आत ३,६०० आणि बाहेर १,५०० असे दोन आकडे लिहावेत. हिवाळ्याच्या संध्याकाळी काक्षी आणि रोहिणी गिरगावातल्या दिव्यांच्या उजेडातही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हे दोन्ही तारे मुलांना जरूर दाखवावेत.