प्रवेश-अर्ज आणि वेदनेचा दाखला

दलित समीक्षेने कविता वाचली, कथा वाचली, आत्मकथनांवर तर वर्षानुवर्षे वाद घातला. अर्ज मात्र तिने साहित्य म्हणून कधी हाती घेतला नाही. वस्तुतः अस्पृश्यांच्या आधुनिक गद्याचा आरंभ जिथे शोधावा लागतो तिथे अर्जाचे स्थान फार मोठे आहे. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली लष्करभरतीसाठी तयार केलेले विनंतीपत्र हा अर्जच होता. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्याकडे धाडलेले निवेदन हाही अर्जच. नाव विनंतीचे असले तरी या अर्जांत मागणाऱ्याची मान खाली गेलेली नाही. आमच्या वाडवडिलांनी पलटणीत चाकरी केली, लढाया केल्या; मग आज आम्हालाच दार बंद का, असा तो रोखठोक हिशेब आहे. दुःख त्यात आहे, पण ते पुराव्यादाखल आहे. वाचणाऱ्याचे मन हेलावून काही पदरात पाडून घ्यावे, हा त्याचा हेतू नाही.

हे सांगण्याचे कारण, गेल्या काही वर्षांत अर्जाचा एक नवा प्रकार आपल्या मुलांच्या वाट्याला आला आहे. चित्रपट शिकविणाऱ्या संस्थेत प्रवेश मागणारा अर्ज. त्यात नाव, गाव, गुण यांच्या पुढे एक मोठा मोकळा रकाना असतो : तुम्हाला सिनेमा का करायचा आहे, ते लिहा. आवडते चित्रपट, आवडते दिग्दर्शक लिहा. स्वतः केलेले काही काम असेल तर जोडा. इंजिनियरिंगच्या अर्जात असे काही विचारीत नाहीत. तिथे गुण बोलतात. इथे मुलाने स्वतःबद्दल बोलायचे असते, आणि कोणत्या भाषेत बोलायचे हे समोरच्याने आधीच ठरवून ठेवलेले असते.

सायखेडा हे निफाड तालुक्यातले गोदाकाठचे गाव. पलीकडे चांदोरी. पावसाळ्यात नदी चढली की दोन्ही गावांचा जीव टांगणीला लागतो; २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी कुठवर आले होते हे इथे कोणीही भिंतीवर बोट ठेवून दाखवील. कांदा, ऊस आणि द्राक्ष या तिन्हींच्या कामावर भूमिहीनांची घरे चालतात. अशाच एका घरातला बारावीचा एक विद्यार्थी खाजगी चित्रपट-संस्थेच्या पदवीसाठी अर्ज लिहीत होता. त्याचे दोन मसुदे माझ्यासमोर आहेत. त्याच्या परवानगीनेच मी त्यांविषयी लिहितो आहे.

पहिला मसुदा मराठीत आहे, वहीच्या पाठकोऱ्या पानावर. त्यात तो आईबरोबर द्राक्षबागेत डिपिंगला जात असे त्याचे वर्णन करतो. मांडवाखाली दिवसभर मान वर करून काम करावे लागते. हातातल्या मगात औषधाचे पाणी; एकेक घड त्यात बुडवायचा आणि पुढे सरकायचे. तो लिहितो की बांधावरून पाहिले तर पानांआड माणसांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त पाय दिसतात. आणि मांडवाखाली शिरले की उलटे होते, पाय विसरायला होतात आणि हातच हात दिसतात. बागाईतदार बांधावर उभा असतो म्हणून त्याला पाय मोजता येतात. तीन वाक्यांत या मुलाने कॅमेरा कुठे ठेवायचा आणि कुठे ठेवल्याने काय दिसेनासे होते हे सांगितले आहे. कॅमेऱ्याची जागा म्हणजे भूमिका, हे तत्त्व त्याला कोणी शिकविलेले नाही. लेखन ओबडधोबड आहे, शुद्धलेखनाच्या चुका आहेत, शेवट तर तुटलेलाच आहे. तरीही यात पाहणारा डोळा आहे.

दुसरा मसुदा इंग्रजीत आहे. तो त्याने पैसे भरून एका मार्गदर्शन-वर्गातून दुरुस्त करून आणला. भाषा गुळगुळीत. मांडव गेला, हात गेले, पाय गेले. त्या जागी झोपडी आली, गळके छप्पर आले, आईचे अश्रू आले, जातीवरून झालेला अपमान आला आणि शेवटी सिनेमाने आपणाला कसे तारले ते आले. त्याच्या घरावर स्लॅब आहे, ही बाब मार्गदर्शकाला महत्त्वाची वाटली नाही. अपमान झाला नसेल असे मी म्हणत नाही; आपल्यापैकी कोणाचा झालेला नाही? पण पहिल्या मसुद्यात मुलगा पाहणारा होता, दुसऱ्यात तो पाहिला जाणारा झाला. जातीच्या दाखल्याबरोबर आता वेदनेचाही दाखला जोडावा लागतो आणि तो सांक्षांकित करणारे वर्गही फी घेऊन बसले आहेत, असा याचा अर्थ.

दलित साहित्याच्या चर्चेत वेदना, नकार आणि विद्रोह हे शब्द आपण इतके वापरले की ते घासून गेले. तरी त्यांच्या क्रमाला अर्थ होता. वेदना हा कच्चा माल. नकार आणि विद्रोह ही त्या मालावर लेखकाने केलेली कृती. १९७८ साली ‘बलुतं’ आले तेव्हा ही कलाकृती की समाजशास्त्राचा दस्तऐवज, असा प्रश्न पांढरपेशा समीक्षेने विचारला होता. त्या प्रश्नामागचा डाव आपण ओळखला होता : अनुभव तुमचा, कला आमची. अर्जातला मोकळा रकाना नेमकी तीच वाटणी पुन्हा करतो. अनुभव तुम्ही आणा, त्याला दृष्टी आम्ही देऊ. सायखेड्याच्या मुलाजवळ दृष्टी आधीच असेल, ही शक्यता त्या रकान्यात गृहीत नाही.

आवडत्या दिग्दर्शकांच्या यादीचे असेच. नाशिक इथून पंचवीस-तीस किलोमीटर, आणि तिथल्या पडद्यावर लागते ते बाजाराला पाहिजे ते. जगातला थोर सिनेमा मोबाईलवर मिळतो हे खरे, पण काय शोधायचे हे माहीत असावे लागते. आणि ते माहीत असणे म्हणजेच वाडवडिलांची पुस्तकांची कपाटे. यादी विचारून संस्था मुलाची आवड तपासते असे वाटते. प्रत्यक्षात ती त्याचे घर तपासते. याउलट ज्या परंपरेत हा मुलगा वाढला तिला यादीत जागा नाही. नाशिक जिल्ह्याच्याच भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा ओळखीचा साचा घेऊन त्यातला आशय पालटून टाकायचा, रात्रभर गाव जागवायचे आणि सभेला न येणाऱ्या बायाबापड्यांपर्यंत बाबासाहेबांचा विचार न्यायचा, हे दिग्दर्शन नव्हे तर काय? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक याच मातीतले. मुलाने आवडत्या कलावंतांच्या रकान्यात ही नावे लिहिली तर मुलाखत घेणाऱ्यांपैकी किती जणांना ती कळतील?

नाशिकचा उल्लेख निघाला म्हणून दादासाहेब फाळक्यांचे बोलू. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणल्यावर त्यांनी बिऱ्हाड आणि सिनेमा दोन्ही नाशिकला हलविले. सिनेमा शिकायला ते १९१२ साली लंडनला गेले आणि परतल्यावर भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते याचा छोटासा पट टिपून दाखविला. या देशातला सिनेमाचा पहिला अर्ज म्हणायचा तर तो हा. त्यात दारिद्र्याची कहाणी नव्हती. मला हे यंत्र वापरता येते आणि मी ते असे वापरतो, एवढेच त्यात होते. फाळक्यांना जे मिळाले ते त्यांच्या मेहनतीचे होते याविषयी माझ्या मनात शंका नाही. त्यांच्यामागे जे. जे. कलाशाळा होती, बडोद्याचे कलाभवन होते, तारण ठेवायला विम्याची पॉलिसी होती, हेही तितकेच खरे. १९३० च्या मार्चमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा भारतीय सिनेमा सतरा वर्षांचा होता आणि त्याची एक मोठी कंपनी याच शहरात उभी राहिलेली होती. त्या सिनेमाचे डोळे पुराणावर खिळलेले होते. आज फाळक्यांचे स्मारक नाशिकात ज्या डोंगराच्या पायथ्याशी आहे त्या डोंगरात त्रिरश्मी बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पुराणाने बुद्धाचे घर कसे बळकावले हे दाखविणारा याहून चांगला देखावा कोणी कलादिग्दर्शकही उभारू शकला नसता.

आपल्या चळवळीतले काही मित्र म्हणतात की ही शाळा हवीच कशाला? नागराज मंजुळे कोणत्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते? हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण तो चुकीचा आहे. मंजुळे शाळेत गेले होते. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात त्यांनी संज्ञापन विषयाचे शिक्षण घेतले. ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा लघुपट त्याच काळातला, २००९ चा. जिल्ह्याच्या ठिकाणी, साध्या कॉलेजात, परवडणाऱ्या पैशांत एक विभाग होता म्हणून जेऊरच्या मुलाच्या हाती कॅमेरा आला. पुढे २०१३ साली ‘फँड्री’ आला. डुकरामागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते, हा प्रसंग आठवा. तिथे कोणी रडत नाही. प्रेक्षक आधी हसतो आणि मग आपण कशाला हसलो हे त्याला कळते. नंतर ते डुक्कर बांबूला बांधून शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेब, फुले, सावित्रीबाईंच्या चित्रांसमोरून नेले जाते. वरच्या दुसऱ्या मसुद्यासारखा अर्ज लिहिणाऱ्याला हा प्रसंग सुचणार नाही. तो पहिल्या मसुद्यातल्या मुलाला सुचेल.

म्हणून शाळा हवी. शाळेपूर्वी हा धंदा ओळखीपाळखीवर, नात्यागोत्यावर आणि उमेदवारीवर चालत होता. प्रभातचे दामले, फत्तेलाल, शांताराम कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले. त्या पद्धतीत गुरूच्या दारापर्यंत पोचता येणे हीच प्रवेश परीक्षा. महारवाड्यातून तिथवर रस्ता नव्हता. १९६० साली त्याच प्रभातच्या जागेत सरकारने पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट काढली तेव्हा निदान कायद्याने दार सर्वांसाठी उघडले. राखीव जागा आल्या, वसतिगृह आले. पण या संस्थेचे दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी यांचे मुख्य अभ्यासक्रम पदवीधरांसाठी आहेत. ज्याच्या घरी पदवीची तीन वर्षेच मुश्किलीने निघतात त्याने त्यानंतर आणखी तीन वर्षे कमाईविना काढावीत अशी ती अपेक्षा. बारावीनंतरची पदवी हवी तर बहुतेक वाट खाजगी संस्थांकडे जाते, आणि तिथली वर्षाची फी लाखांत असते. डिसेंबर २०१९ मध्ये पुण्याच्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी होणारी दहा टक्के फीवाढ आणि प्रवेश परीक्षेचे वाढलेले शुल्क यांविरुद्ध उपोषण केले होते. आपल्या चळवळीने त्याकडे कलावंतांचे भांडण म्हणून पाहिले. वास्तविक तो शिष्यवृत्तीच्या प्रश्नाइतकाच आपला प्रश्न होता.

केरळातल्या कोट्टायमची गोष्ट तर अधिकच बोलकी. तिथल्या चित्रपट-संस्थेला देशाचे पहिले दलित राष्ट्रपती के. आर. नारायणन यांचे नाव आहे. तिथेच डिसेंबर २०२२ मध्ये विद्यार्थी संपावर गेले. तक्रारी होत्या प्रवेशात आरक्षण डावलल्याच्या आणि जातीय वागणुकीच्या. जानेवारी २०२३ मध्ये संचालकांनी राजीनामा दिला, पाठोपाठ अध्यक्ष अडूर गोपालकृष्णन यांनीही. नाव दिल्याने दार उघडत नाही हे आपल्याला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याने आधीच शिकविले आहे. पण कोट्टायमचे विद्यार्थी पन्नासेक दिवस संपावर राहिले, आणि संप करणाऱ्यांत सगळ्या जातींची मुले होती, याचीही नोंद घेतली पाहिजे.

तेव्हा मागणी काय करायची? माझ्या मते जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अनुदानित कॉलेजांत नगरसारखे विभाग निघावेत, ही पहिली. मोकळ्या रकान्याचे उत्तर आणि मुलाखत मराठीतून देण्याची मुभा महाराष्ट्रातल्या प्रत्येक संस्थेने द्यावी, ही दुसरी. डोळा मराठीत पाहतो, त्याची परीक्षा इंग्रजीत कशी होईल? तिसरे मागणे संस्थांकडे नाही, आपल्याच शिक्षकांकडे आहे. मुलाचा पहिला मसुदा फाडू देऊ नका. त्यातले व्याकरण दुरुस्त करा, मांडव दुरुस्त करू नका.

आमच्या मुलाने अखेर तिसरा मसुदा लिहिला. त्यात मांडव परत आला. सोबत त्याने मोबाईलवर टिपलेला चार मिनिटांचा पट जोडला आहे : डिपिंगचे हात, आवाज फक्त मगातल्या पाण्याचा आणि बायकांच्या बोलण्याचा. जातीवरून झालेल्या अपमानाचे एकच वाक्य त्याने ठेवले. ते का ठेवले असे विचारल्यावर म्हणाला, “सर, ते खरं आहे म्हणून.” यावर मला बोलण्यासारखे काही उरले नाही.

पुढे पदवीनंतर पुण्यासाठी अर्ज करायचा झाल्यास एक गोष्ट आतापासून पाहून ठेवावी लागेल. ती संस्था केंद्र सरकारची, म्हणून जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या नमुन्यातला चालेल असे गृहीत धरू नये. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतींसाठी १९५६ पासून १९९० पर्यंत, म्हणजे अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होईपर्यंत, चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. दाखल्यावरचा मजकूर त्या दुरुस्तीला धरून आहे की नाही हे प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयातून दाखला हाती घेतानाच वाचून पाहावे. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते लक्षात आले तर निफाडपर्यंतची फेरीही पुरत नाही.