‘भामटा’ : शिवी आणि दाखला

फसवणाऱ्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ठक, लबाड, तोतया, भामटा. साताऱ्यात काही काळ वकिली केलेल्या न. चिं. केळकरांनी पानिपतानंतर उपटलेल्या तोतयावर नाटक लिहिले, त्याने कुणाचे घराणे दुखावले नाही. ‘ठकास महाठक’ म्हणतानाही कुणाची जात डोळ्यांपुढे येत नाही. ‘भामटा’चे तसे नाही. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘भामटा’ आणि ‘राजपूत भामटा’ ही दोन्ही नावे आहेत.

साताऱ्यात एका मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देत होतो. जातीचा रकाना आला आणि त्याने दाखल्यावर हात ठेवला. शेजारच्या वर्तमानपत्रात मथळा होता : भामट्याने वृद्धेला गंडा घातला. तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे आहे.

१८७१च्या कायद्याने माणसे नव्हे, जमातीच गुन्हेगार ठरवल्या. १९५२च्या ३१ ऑगस्टला कायदा गेला, मथळा राहिला.

साहित्याने या शिक्क्याशी झुंज घेतली ती आमच्याच मुलखात. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त (१९५९) सरकारी हजेरी आहे, आणि तिच्यापुढे न वाकणारी भूक. फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण मान्यांनी १९८०मध्ये कैकाड्याच्या पोराच्या आत्मकथनाला जातीचे नाव न देता ‘उपरा’ म्हटले. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांनी मात्र १९८७मध्ये शिवीच मुखपृष्ठावर आणली : ‘उचल्या’. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

गायकवाडांना हे साधले, त्याचे थोडे श्रेय मी शब्दाच्या घडणीलाही देतो. ‘उचल्या’त ‘उचलणे’ हे क्रियापद उघडे आहे. वाचक विचारू शकतो, काय उचलले, का उचलले? पुस्तक त्याचेच उत्तर देत जाते. ‘उपरा’ही असाच बोलका, ऐकताच कळते की याला कुणीतरी बाहेर ठेवले आहे. ‘भामटा’ मुका आहे. आजच्या मराठी कानाला त्यात कुठली क्रिया ऐकू येत नाही, नुसता माणूस दिसतो, तोही आधीच दोषी ठरलेला. अशा शब्दाला आतून उलटवायला लेखकाला फटच सापडत नाही. आपल्या विनोदी लेखकांना तो इतका सोयीचा वाटतो, तेही यामुळेच असावे.

सांगलीतल्या एका उपसंपादक मित्राला म्हटले, “मथळ्यात ‘ठक’ लिहीत जा, जागाही वाचेल.” त्याला पटले. चार दिवस ‘ठक’ छापून आला. पाचव्या दिवशी तो रजेवर होता.