अध्यापनाची सांगता : दोन समारोपांचा विचार

महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचा आरंभ कसा व्हावा, याचे विवेचन पुष्कळ होते. त्याची अखेर मात्र बहुधा वेळापत्रकाच्या स्वाधीन केलेली असते. शेवटच्या तासाला ‘पोर्शन संपला’ एवढे वाक्य उच्चारले जाते, संभाव्य प्रश्न सांगितले जातात आणि वर्ग रिकामा होतो. या वाक्याचे व्याकरण लक्षात घेण्याजोगे आहे. ‘संपला’ हे क्रियापद अकर्मक असून त्याच्या वाक्यात शिकविणाराही नाही आणि शिकणाराही नाही. कणगीतले धान संपावे, तसा विषय आपोआप संपतो.

याच्या उलट आपल्या परंपरेतील दोन समारोप विचारात घेता येतील. पहिला तैत्तिरीयोपनिषदाच्या शिक्षावल्लीतील अकराव्या अनुवाकाचा. वेदाध्ययन पुरे झाल्यावर आचार्य शिष्याला उपदेश करतो. त्याची प्रारंभीची क्रियापदे द्वितीय पुरुषी आज्ञार्थाची असून पुढे ती कर्तव्यवाचक कृदन्तांत परिणत होतात. सूर आज्ञेचा खरा. परंतु तिच्या मध्यभागी एक कबुली आहे. आमच्या आचरणातील जे चांगले तेवढेच घ्यावे, इतर घेऊ नये, असे आचार्य स्वतःच सांगतो. संशय उत्पन्न झाल्यास विचारी व सौम्य वृत्तीच्या माणसांचे वर्तन पाहावे, असेही तो सुचवितो. म्हणजे अधिकार गाजविताना तो अधिकाराची मर्यादाही दाखवितो.

दुसरा समारोप ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाअखेरचा, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मधील पसायदानाचा. येथे श्रोत्याला आज्ञा नाही. क्रियापदे बहुतांशी तृतीय पुरुषी इच्छार्थाची आहेत आणि बोलणारा स्वतःच मागणारा आहे. दुर्जनाचा नाश न मागता त्याचे वाकडेपण जावे, एवढेच तो मागतो. उपनिषदाचा उपदेश एका अधिकारी शिष्यापुरता होता. पसायदानाचे फळ ग्रंथ न ऐकलेल्यालाही मिळावयाचे आहे. समारोपाच्या दृष्टीने हा भेद मोलाचा होय.

तथापि हे शब्द उसने घेतल्याने आजचा समारोप अर्थपूर्ण होत नाही. दीक्षान्त समारंभात तो अनुवाक आणि शाळांत पसायदान वारंवार म्हटले जाते; पाठ झालेल्या शब्दांकडे लक्ष राहतेच असे नाही. घ्यावयाची ती त्यांची रचना : शिकविणाऱ्याने आपली मर्यादा सांगणे आणि विद्या वर्गाबाहेर पोचविणे.

पवनी तालुक्यातील आसगाव हे भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातले गाव. तेथील विद्यार्थी ‘रोवणी’ आणि ‘बांधी’ म्हणतो. पुस्तकात त्याला ‘लावणी’ आणि ‘खाचर’ भेटतात. तो ‘पानी’ म्हणतो आणि वर्गात गप्प राहतो, कारण आपली बोली अशुद्ध आहे, असे त्याला फार लवकर सांगितलेले असते. बोली आणि प्रमाणभाषा यांच्या व्याख्या लिहून तो उत्तीर्ण होईल; परंतु हीच लाज घेऊन तो घरी परतला, तर भाषाविज्ञानाचा अभ्यासक्रम त्याच्यापुरता सुरूच झाला नाही, असे म्हणावे लागेल.

अशा वर्गाचा शेवटचा तास विद्यार्थ्यांनी घरून जमविलेल्या शब्दांचा असावा. आईने सांगितलेले रोवणीचे शब्द त्यांनी अर्थासह मांडावेत, आणि वर्षभर सांगितलेले कोणते नियम त्यांना पुरे पडत नाहीत, हे अध्यापकाने सर्वांसमक्ष मान्य करावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. एक तास लागतो, आणि तोच प्रश्नांच्या यादीला दिला जातो.

मराठी माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो आणि दुकान बंद न करता ‘वाढवितो’. अशुभ टाळण्याचा हा संकेत मानला, तरी अखेरीत पुढचे चालणे पाहण्याची सवय त्यात आहे. विद्यापीठीय वर्गाने ती आपल्याच भाषेकडून शिकावयास हरकत नाही.