प्रकाशे व बहाळ येथील राखाडी मृद्भांड्यांच्या उगमाचा प्रश्न : एक चिकित्सा

खानदेशच्या ताम्रपाषाणयुगीन इतिहासाची मांडणी प्रामुख्याने खापरांच्या आधारे झालेली आहे. तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे (तत्कालीन धुळे, १९९८ पासून नंदुरबार जिल्हा) येथे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये, तर गिरणाकाठच्या बहाळ (जि. जळगाव) येथे म. न. देशपांडे यांनी त्याच दशकात उत्खनन केले. दोन्ही स्थळी चाकावरील रंगीत भांड्यांबरोबर घोटून गुळगुळीत केलेली राखाडी भांडी मिळाली. त्यांतील बरीच हाताने किंवा संथ चाकावर घडविलेली आहेत. रंगीत भांड्यांचे गोत्र ठरविणे तुलनेने सोपे. पिवळसर-नारिंगी लेपावर काळपट नक्षी असल्यास माळवा. लाल लेपावर काळी नक्षी आणि टिचकी मारताच धातूसारखा नाद आल्यास जोर्वे. राखाडी भांड्यास अशी ठळक ओळख नाही.

कर्नाटकातील ब्रह्मगिरी व मस्की येथील नवाश्मयुगीन भांड्यांशी असलेल्या साम्यावरून त्याचा उगम दक्षिणेत मानला गेला. थापर यांनी १९५४ मध्ये मस्कीचेच उत्खनन केले असल्याने हे साम्य त्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. स्तरक्रमाबाबतची त्यांची शिस्त आजही अभ्यसनीय आहे. परंतु साम्यावरून थेट दक्षिणी लोकांच्या आगमनाचा निष्कर्ष काढणे या पुराव्याला पेलत नाही. राखाडी रंग हा प्रांताचा नव्हे, भाजणीचा गुण होय. भट्टीत हवा कोंडली की लोहयुक्त माती लाल न होता राखाडी होते.

खरा साक्षीदार मातीतील कण आहेत. गिरणेचे खोरे बेसाल्ट खडकाचे आहे. म्हणून बहाळच्या खापराच्या सूक्ष्मछेदात अभ्रक व ग्रॅनाईटजन्य फेल्डस्पार विपुल आढळले, तर ते भांडे किंवा त्याची माती बाहेरून आली असे म्हणता येईल. केवळ गारेचे कण पुरेसे नाहीत, कारण बेसाल्टच्या पोकळ्यांतही गार व अकीक तयार होतात. प्रकाशे येथे मात्र हीच कसोटी लंगडी पडते. तापीचा उगम बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे होतो व त्या प्रदेशात ग्रॅनाईटसदृश प्राचीन खडक आहेत; तेथील कण नदीच पात्रातून खाली आणू शकते. एकच निकष दोन्ही स्थळांना सरसकट लावता येणार नाही, हे तुलनात्मक लेखनात क्वचितच ध्यानात घेतले जाते.

शिवाय माती स्थानिक ठरली, तरी घडणीची रीत स्थानिक ठरतेच असे नाही. मस्कीहून प्रकाशेपर्यंतचे अंतर सहाशे किलोमीटरहून अधिक आहे; स्वयंपाकाचे ठिसूळ भांडे एवढा प्रवास करील हे संभवनीय वाटत नाही. घडविणारे हात मात्र प्रवास करतात. कुंभारकामात चाक पुरुषांकडे व हातघडण स्त्रियांकडे अशी विभागणी भारतात अनेक ठिकाणी आढळते. विवाहसंबंधातून टप्प्याटप्प्याने सरकलेली अशी रीत गिरणेच्याच मातीत उमटली असेल, तर तिच्यासाठी कोणत्याही स्थलांतराची कल्पना करावी लागत नाही.