झाकलेले नाव आणि परीक्षकाची जीभ

मद्यस्पर्धेत बाटलीवरील नाव झाकले की न्याय साधतो, या समजाला रॉबर्ट हॉजसन यांच्या 2008 सालच्या निबंधाने मोठा तडा दिला. कॅलिफोर्निया राज्यजत्रेतील परीक्षकांपुढे एकाच बाटलीतील मद्य, त्यांच्या नकळत, तीन वेळा ठेवले गेले. सुमारे दशांश परीक्षकच आपल्या निर्णयाशी सुसंगत राहिले. जवळपास तितक्यांनीच त्याच मद्याला कांस्यपदकापासून सुवर्णपदकापर्यंत हिंडविले. विवेचन एकाच स्पर्धेपुरते आहे, हे निबंधाचे न्यून होय. युक्ती मात्र कोठेही उपयोगी पडावी अशी आहे.

धाराशिव जिल्ह्यात द्राक्षे पिकतात; परंतु तेथील जिभेची खरी कसोटी खव्यावर. कुंथलगिरीच्या पेढ्याची परीक्षा योजल्यास गावाचे नाव झाकून भागणार नाही. गाईच्या दुधाचा खवा पिवळसर, म्हशीचा पांढरा; रंगच चुगली करतो. रंगाचे गुण म्हणून चवीनंतर, स्वतंत्रपणे द्यावेत, आणि एकाच कढईतील खवा निरनिराळ्या क्रमांकांनी तीनदा पुढे यावा. अस्थिर परीक्षकास वगळणे हा उपाय वरकरणी सोपा. पण एका वर्षी स्थिर ठरलेला परीक्षक पुढील वर्षी तसाच राहतो असे नाही, हेही हॉजसन यांनीच दाखविले आहे. तेव्हा परीक्षकांची संख्या वाढवावी, आणि अर्ध्या गुणाच्या फरकावर पहिला-दुसरा ठरविण्याचा हव्यास सोडावा.