खरखर कुठली, तार कुठली?

हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की आत हातोडी पडत नाही. पिसाच्या देठाची बारीक नखी तार छेडते आणि आवाज क्षणार्धात शिखर गाठतो. जुन्या व्हायनिल तबकडीवरचा ओरखडा सुईखाली आला की होणारी टकटकही अशीच एकाएकी उसळते. संगणकाच्या पडद्यावर ही दोन शिखरं जुळ्या भावंडांसारखी दिसतात. युरोपातल्या बरोक काळातल्या संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका स्वच्छ करून नव्या माध्यमात आणणं एवढं अवघड का, याचं उत्तर या साम्यात आहे. आज या कामासाठी साधनांची टंचाई नाही. कमी पडतो तो कान.

1948 साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी लाँग-प्ले तबकडी आणली आणि विस्मरणात गेलेल्या बरोक रचनांचं भाग्य उजळलं. विवाल्दीचे ‘फोर सीझन्स’ आज कुठेही कानावर पडतात. पण व्हायोलिनवादक लुई कॉफमन यांनी डिसेंबर 1947 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ते मुद्रित केले, तेव्हा फार थोड्यांनी ते ऐकलेले होते. पुढे फ्रान्समध्ये एराटो ही कंपनी आणि जर्मनीत टेलिफुंकेनची ‘दास आल्टे वेर्क’ मालिका आली. बड्या कंपन्यांच्या मूळ फिती बऱ्याच अंशी टिकल्या. छोट्या कंपन्या मात्र बंद पडल्या, फिती हरवल्या किंवा खराब झाल्या. अशा वेळी सुस्थितीतली तबकडी हीच मूळ प्रत ठरते.

अशा तबकडीवरचं खरं काम संगणक सुरू होण्याआधीच होतं. तबकडी नीट धुतली पाहिजे. सुई त्या काळाची हवी: मोनो तबकडीच्या चरीसाठी सुमारे 25 मायक्रॉनच्या टोकाची, स्टिरिओसाठी सुमारे 18. मोनोत संगीत फक्त आडव्या कंपनात असतं. म्हणून स्टिरिओ कार्ट्रिजच्या दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की उभ्या कंपनातली बरीच खरखर आपोआप विरते. तबकडी कोरताना खर्ज दाबतात आणि टीप उठवतात, वाजवताना त्याचं उलटं करतात. या हिशेबाचं आरआयएए प्रमाण 1954 मध्ये आलं. त्याआधी कंपन्यांचे हिशेब वेगवेगळे होते. चुकीचा हिशेब लावला की व्हायोलिनचा रंगच बदलतो. मधलं भोक किंचित सरकलेलं असेल, तर प्रत्येक फेऱ्यात, म्हणजे दर 1.8 सेकंदांनी, स्वर हेलकावतो. गायनात हा हेलकावा कदाचित खपून जाईल. पण ऑर्गनवादक हेल्मुट वाल्खा यांनी जर्मनीतल्या काप्पेलच्या जुन्या श्निट्गर ऑर्गनवर वाजवलेल्या बाखसारख्या निश्चल स्वरात तो उघडा पडतो.

बरोकमध्ये पट्टीचा प्रश्नही नाजूक आहे. जुन्या पद्धतीची वाद्यं अनेकदा 440 ऐवजी 415 हर्ट्झच्या ‘ए’वर लावतात, आपल्या भाषेत, पांढरी सहाची जागा काळी चार घेते. तबकडी एक टक्का मंद फिरली तरी स्वर अर्ध्या स्वराच्या साधारण सहाव्या हिश्शाने उतरतो. उतरलेला स्वर वादकाचा की यंत्राचा, हे ठरवायला वाद्यांचा इतिहास माहीत असावा लागतो. सगळं सरसकट 440 वर ‘दुरुस्त’ करणारा माणूस वादकाचा विचारच पुसून टाकतो.

केंब्रिजमधल्या संशोधनातून पुढे आलेली सीडार प्रणाली आणि नंतर आयझोटोपचं आरएक्स यांनी खरखर काढणं संगणकावर आणलं. सोय झाली, आणि तिचा अतिरेकही. टकटक पुसणारी आज्ञा जोरात लावली की हार्पसिकॉर्डच्या तारेची धार बोथट होते. सततची सरसर काढताना चर्चच्या दगडी भिंतींत विरत जाणारा नाद कापला जातो आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. आपल्याकडच्या जुन्या मैफलीच्या मुद्रणातून सरसरीबरोबर तानपुराही गेला, तर आपण त्याला स्वच्छता म्हणू का?

या क्षेत्रात दोन वाटा दिसतात. मार्क ओबर्ट-थॉर्न स्वतःला मध्यममार्गी म्हणवतात; गरजेपुरताच हात लावतात. प्रिस्टीन क्लासिकलचे अँड्र्यू रोझ आधुनिक मुद्रणाच्या ध्वनिसमतोलाशी ताडून जुन्याचा समतोल नव्याने बसवतात. दुसऱ्या वाटेने कोमेजलेल्या वाद्यवृंदात कधी प्राण येतो, हे मान्य. पण 1950 च्या ऑर्गनमुद्रणाला आजच्या सभागृहाचा रंग चढवला की तो दस्तऐवज राहत नाही, भाष्य होतं. भाष्याला ना नाही; त्यावर तशी पाटी हवी. बरोकपुरती तरी मला पहिली वाट अधिक सच्ची वाटते.

ध्वनिसंग्रहालयांचा दंडक इथे सर्वांनी पाळावा असा आहे: 96 किलोहर्ट्झ, 24 बिटवर घेतलेली प्रत हात न लावता जपायची आणि सफाई दुसऱ्या प्रतीवर करायची. ज्यांच्याकडे अशा तबकड्या आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं. कोणती आवृत्ती, कोणती सुई, कोणता हिशेब, काय काढलं, हे सगळं लिहून ठेवा. आणि ती पहिली, खरखरीसकटची प्रत कधीही पुसू नका. उद्या तुमच्याहून चांगला कान येईल. त्याला काम करायला ती प्रत लागणार आहे.